सुट्टी व्हायच्या आधी घर दोन फूट वर घ्या

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतला पोरगा दारात आला. "काकू, तुमच्या कुबड्या हायेत ना घरी? मायचा घोटा मोडला. उद्या दवाखान्यातून सुट्टी हाय तिची." कुबड्या माळ्यावर होत्या, काढून दिल्या. तो निघाला, तर त्याला परत बोलावलं. "बस बाबू पाच मिनिटं. नुसत्या कुबड्यायनं काही होत नाही. माय घरी यायच्या आधी काय काय करा लागते ते लिहून घे." पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. तीच यादी इथे जरा नीट लिहिते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, काळ्या मातीचं. दोन वर्षांपूर्वी आखाडाच्या शेवटी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, घसरले आणि उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. प्लेट टाकली, आधी कच्चं प्लास्टर, टाके काढल्यावर पक्कं, आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही असा हुकूम. दवाखान्यात माझं बरं चाललं होतं. तिथे पलंग उंच, कमोड उंच, फरशी सपाट. घरी आले आणि तासाभरात लक्षात आलं की आपलं सगळं घर जमिनीवर आहे. चूल खाली, विळी खाली, जेवायचं पान खाली, न्हाणी खाली, संडासाचं भांडं खाली. एका पायावर माणूस खाली बसतो एकदाच, मग त्याला उठवायला दोघं लागतात. म्हणून जे जे खाली आहे ते कमरेच्या आसपास आणायचं, आणि हे काम माणूस दवाखान्यात असतानाच उरकायचं. तो घरी आला की सगळे त्याच्याभोवती बसतात, कामाला हात कोणाचेच मोकळे राहत नाहीत.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना एक प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्या: पायावर वजन टाकायचं का, आणि टाकायचं तर किती? अजिबात नाही, नुसता टेकवायचा, की थोडा भार द्यायचा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी आल्यावर प्रत्येक जण आपापल्या मनाचं सांगतो. कागद भिंतीला चिकटवला की वाद मिटतो.

कुबड्यांची उंची तिथेच बसवून घ्या. ॲल्युमिनियमच्या कुबडीला भोकं असतात, बटण दाबून ती वर-खाली होते. पायात चप्पल घालून सरळ उभं राहायचं. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. हात खाली सोडला की कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, म्हणजे धरताना कोपर थोडं वाकलेलं राहतं. भार तळहातावर घ्यायचा, काखेवर लोंबकळायचं नाही. काखेतून हातात जाणारी नस दबली तर बोटं बधिर होतात, मनगटसुद्धा लुळं पडू शकतं. पायाचं दुखणं हाताला कशाला लावून घ्यायचं? मुठीवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळा, नाहीतर दोन दिवसांत तळहाताला फोड येतात. आणि खालच्या रबरी बुचांची एक जोडी जास्तीची घेऊन ठेवा. आपल्याकडची खडी-मुरूम ती लवकर खाते, बुच गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर कुबडी सटकते. दारात बारदाना टाकून ठेवा. बाहेरून आलं की बुचं त्यावर पुसायची. काळी माती बुचाला चिकटून तिचा गोळा झाला तर रबर असून नसल्यासारखं.

आता झोपायची जागा. बाज चालणार नाही. ती मधे झोळ खाते आणि झोळातून एका पायावर उठता येत नाही. लाकडी दिवाण नाहीतर तखत काढा, ते बुटकं असलं तर चारही पायांखाली विटा द्या. बसल्यावर गुडघा काटकोनात आला की उंची बरोबर. पायाखाली घ्यायला दोन जाड उश्या हव्यात. पहिले आठ-दहा दिवस पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे, तो खाली लोंबत ठेवला की सुजतो आणि प्लास्टर करकचून धरतं. दिवाण खोलीत अशा बाजूने लावा की उठताना चांगला पाय मोकळ्या जागेकडे येईल. आणि जमलं तर ओसरीत लावा. मी माजघरात पडून होते तेव्हा दिवस संपता संपत नव्हता. ओसरीत आले आणि गाव दिसायला लागलं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत आली, दिवाणावर बसल्या बसल्या सगळ्यांना बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, दिला.

संडासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यावर कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. बहुतेक घरी संडास मागच्या अंगणात, स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांच्या अनुदानात बांधलेला. आत माणूस मावतो, कुबड्यांसकट माणूस मावत नाही. शिवाय भांडं देशी, त्यावर उकिडवं बसायचं कसं? प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो ऐकू नका. भोक पाडल्यावर खुर्ची कमजोर होते आणि ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. तालुक्याच्या सर्जिकल सामानाच्या दुकानात लोखंडी कमोड खुर्ची मिळते, नाहीतर वेल्डिंगवाला पाइपची करून देतो. पण आधी टेप घेऊन आतली लांबी-रुंदी मोजा. खुर्चीचे चारही पाय भांड्याच्या बाहेर, सपाट जागी टेकले पाहिजेत. पायांना रबर लावून घ्या. भिंतीत एक जाड पाइप पक्का बसवा, धरून उठायला. दार आत उघडत असेल तर ते काढून पडदा लावा, कोणी पडलं तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. बादली आणि मग स्टुलावर ठेवा. रात्रीसाठी मात्र अंगण ओलांडायचंच नाही. झाकणाचं भांडं दिवाणाजवळ असू द्या आणि ते कोण रिकामं करणार हे आधीच ठरवा. आपल्या बायका लाजेपायी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात, मीही सोडलं होतं. त्याने लघवीची आग सुरू झाली, पोट साफ होईना, आणि कुंथण्यात जीव जायचा. पाणी भरपूर प्या, हाक मारायला लाजू नका.

न्हाणीत खुर्ची एक बसायला, आणि समोर एक स्टूल पाय ठेवायला. प्लास्टर न्हाणीच्या बाहेरच्या बाजूला राहील असं बसा. मोठी प्लास्टिक पिशवी चढवून वर ट्यूबची पट्टी बांधा, आवळून नाही. फरशीवरचं शेवाळ आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. आंघोळ रोज झालीच पाहिजे असं नाही, ओल्या पंचाने अंग पुसलं तरी भागतं.

पाय मोडतो एक, पण कुबड्या धरल्या की हात दोन्ही जातात. पाण्याचा गडवा इथून तिथे नेता येत नाही. चहाचं तर नावच काढू नका. यावर आपल्याकडे तयार इलाज आहे: कापूस वेचताना कंबरेला बांधतो ती ओटी. मोबाइल, गोळ्या, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं तिच्यात. मी ती सकाळी बांधायचे ती रात्री सोडायचे. चहा थर्मासमध्ये. गॅसची शेगडी खाली असेल तर टेबलावर चढवा, पण म्हणून माणसाला एका पायावर भाकरी थापायला उभं करू नका. बसून भाजी निवडणं, लसूण सोलणं, डाळीतले खडे काढणं एवढं पुष्कळ झालं.

कपडे. नऊवारी असो की सहावारी, कुबडीचं टोक निऱ्यांत अडकतं. घोट्याच्या वर राहील एवढा गाऊन बरा. पुरुषांनी लुंगी नको, ढगळ हाफपँट. चांगल्या पायात मागून पट्टा असलेली सँडल हवी, सपाट स्लिपर नाही.

वाटेत काय काय आहे ते एकदा स्वतः हळूहळू चालून बघा. वासराचं दावं, चार्जरची वायर, गोधडीचं टोक, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं. शेणसड्याचं अंगण वाळेपर्यंत ओसरीतून उतरू नका. सारवलेली ओली जमीन फरशीपेक्षा वाईट. उंबरठा आणि ओट्याच्या पायऱ्या यांचा नियम असा की चढताना चांगला पाय आधी, मग मोडका आणि कुबड्या; उतरताना कुबड्या आधी, मग मोडका पाय, शेवटी चांगला. आमच्या ओट्याच्या पायऱ्या तीन, तिघींची उंची वेगवेगळी. मी सरळ बसून ढुंगणावर घसरत उतरायचे. पोरं हसायची, हसू द्यायचं. लाइन गेली तर बॅटरी शोधायला हात नसतो, म्हणून ती गळ्यात अडकवलेलीच असावी. पावसाळ्यात जनावराची, म्हणजे सापाची, भीती असते, रात्री एकट्याने बाहेर निघूच नये.

बघायला येणारे लोक हा वेगळाच विषय आहे. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या ठेवा, म्हणजे ते दिवाणावर, थेट पायाजवळ, धपकन बसत नाहीत. कोणी हाडवैद्य सांगेल, कोणी तेल. "हो हो" म्हणायचं. प्लेट टाकलेल्या पायाची मालिश कोणी करून जाऊ नये यावर मात्र घरातल्या एकाने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. आणि खर्रा. पुरुष माणूस पडून असला की येणारा प्रत्येक जण पुडी पुढे करतो. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, हे डॉक्टर सांगतात आणि खोटं सांगत नाहीत. ज्यांना साखर आहे त्यांनी ती तपासत राहावी. खाण्यात दूध, अंडी, डाळ, तिळाची चटणी. महागडे डबे आणायची गरज मला तरी पडली नाही.

प्लास्टरमध्ये खाज सुटते, जीव नकोसा होतो. तुराटी आत घालायचा मोह होतो. घालू नका, आत कातडी सोलली तर दिसत नाही आणि पिकते. वरून टिचक्या मारायच्या. मुंग्या चढतात म्हणून दिवाणावर गोड खाऊ नका, हे अनुभवाने सांगते. पायाची बोटं दिवसातून कितीदा तरी हलवायची. बोटं निळी-पांढरी पडली, गार किंवा बधिर झाली, पाय उंच ठेवूनही कळ वाढत गेली, प्लास्टरला वास आला किंवा ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही. पोटरी सुजून दुखायला लागली तरी तसंच. दम लागला, छातीत दुखलं तर लगेच १०८. नंबर भिंतीवर खडूने मोठा लिहा, मोबाइल कुठे असेल सांगता येत नाही.

एक्स-रेच्या तारखेची गाडी आठ दिवस आधी ठरवा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण पायरी अजून पूर्ण उंचीचीच आहे. मोटरसायकलवर पाय लोंबकळतो, ते नकोच. काळीपिवळीत मागे आडवं दामटून बसवतात, पुढची सीट आधीच सांगून ठेवा. आमच्या नाल्याला पूर आला की गाव तुटतं. माझी एक तारीख अशीच हुकली. पुढच्या वेळी आदल्या दिवशीच नणंदेकडे मुक्कामाला गेले.

वावर काही तुमच्या पायासाठी थांबत नाही. निंदणाच्या बायकांची मजुरी कोण देणार, फवारणीला कोण उभं राहणार, ढोरांचं कोण बघणार, हे नावानिशी ठरवा. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून करायच्या सरकारी पीक नोंदीचा, फोटो वावरात जाऊनच काढावा लागतो, घरी बसून होत नाही. पोराला ते ॲप आधीच शिकवा. मी आठवण काढली तेव्हा मुदतीचे तीन दिवस उरले होते.

प्लास्टर निघालं म्हणजे सुटलो असं वाटतं. पाय काठीसारखा बारीक झालेला असतो, घोटा लाकडासारखा. मला डॉक्टरांनी सांगितलं की आधी दहा किलोच भार द्या. दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? घरात कापूस मोजायचा वजनकाटा होता. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवली, चांगला पाय फळीवर, मोडका काट्यावर, कुबड्या हातात, आणि नवरा आकडा वाचत होता. चार दिवसांत पायाला अंदाज आला. पुढे एकच कुबडी उरली की ती मोडक्या पायाच्या बाजूला धरावीशी वाटते. ती उलट्या हातात धरायची: पाय उजवा तर कुबडी डाव्या हातात, आणि दोन्ही एकदम पुढे. त्या पोराला हे दोनदा सांगितलं, तरी त्याने लिहून घेताना उलटच लिहिलं होतं.