मेगाब्लॉकच्या रविवारी घरी अभंग रेकॉर्ड करायचा असेल तर

यादीतलं पहिलं काम माइकचं नाही, तारखेचं. ऐरोलीतल्या आमच्या घरातून ट्रान्स-हार्बर लोकलचा रूळ दिसत नाही, पण गाडी आली की खिडकीच्या काचा सांगतात. त्यामुळे रेकॉर्डिंग आम्ही रेल्वेच्या सवडीने ठेवतो. ज्या रविवारी ठाणे-वाशी मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, तो आमचा स्टुडिओचा दिवस. ब्लॉक साधारण अकरानंतर लागतो आणि चारच्या सुमाराला सुटतो. शनिवारच्या पेपरात नुसता मथळा वाचून थांबू नका; कुठल्या दोन स्टेशनांदरम्यान आहे, अप की डाउन की दोन्ही, ते बघा. एकाच मार्गावर ब्लॉक असला तर काचा वाजायच्या त्या वाजतातच. आणि हो, आमचा पखवाजवाला ठाण्याहून येतो, म्हणजे ब्लॉकमध्ये त्याचीही गाडी बंद. त्याने साडेदहाच्या आत घरी पोचायचं, नाहीतर कळवा-विटाव्याच्या रस्त्याने रिक्षात पखवाज मांडीवर घेऊन यायचं.

तारीख ठरली की शेजार. खालच्या काकूंचा रविवारचा कुकर साडेबाराला लागतो आणि शिट्टी काढून टाकणारा फिल्टर अजून माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवायचं. वॉचमनला पाण्याच्या पंपाची वेळ विचारायची. वरच्या मजल्यावर फरशीचं काम निघालं असेल तर सरळ पुढचा ब्लॉक बघायचा. भंगारवाला मात्र येणारच. तो गल्लीतून जाईपर्यंत सगळ्यांनी पाणी प्यायचं.

आता पेटी. ही आठ दिवस आधी तपासायची, आणि नव्याने घरी रेकॉर्डिंग करणारे नेमकं हेच विसरतात. आमच्या मामांची पेटी जुनी, आजोबांच्या वेळची. ट्यूनरचं अ‍ॅप समोर ठेवून एकेक सूर दाबत गेलो तेव्हा कळलं, मधल्या सप्तकातले बहुतेक सूर पंधराएक सेंट चढे आहेत. पांढरीपासून लगतच्या काळीपर्यंत १०० सेंट, त्यातले पंधरा. गाताना ते कुणाला टोचत नाहीत, कारण गळा पेटीच्या मागे जातो आणि पखवाजही तिच्याशीच लावलेला असतो. घोटाळा महिन्याभराने होतो, जेव्हा कुणाला तरी वाटतं की मागे थोडी बासरी हवी होती, नाहीतर कीबोर्ड तरी. कीबोर्ड कारखान्यातून ‘ए’ सूर ४४० हर्ट्झ या मापाने लावून येतो आणि आपली पेटी तर ४४४च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजले की आंबट लागतं आणि चूक कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही. मी एक अख्खा अभंग असा फुकट घालवला आहे. पेटीची पत्ती घासून सूर उतरवणं कारागिराचं काम, ते ऐन वेळी होत नाही. म्हणून उलटं करायचं: पेटी आहे तशी मोजायची, आकडा वहीत लिहायचा, तानपुऱ्याच्या अ‍ॅपला तेवढं वर चढवायचं आणि पुढे जे वाद्य येईल त्याला हाच आकडा द्यायचा. पेटी मोजताना तिचा भाताही ऐकून घ्या. कुठे हवा सुटते का, एखादी पट्टी दाबल्यावर टकटकते का, एखादा स्क्रू किणकिणतो का. बैठकीत हे कानावर येत नाही. माइकला मात्र सगळं ऐकू येतं.

माइक दोन दिवस आधी डब्यातून काढून बघायचे. डबा म्हणजे खरंच डबा, रबराच्या झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या. खाडी जवळ, त्यात पावसाळा. कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक टिपणारा, वीज लागणारा नाजूक माइक, उघड्यावर राहिला तर आत दमट धरतो आणि चालू केल्यावर चर्र, फट असे आवाज काढतो. असा आवाज आला तर घाबरू नका, कोरड्या खोलीत दिवसभर राहू द्या, बहुतेक वेळा सुधारतो. दोन दिवस आधी तपासायचं कारण तेच. कंडेन्सरला इंटरफेसवरचं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरचं, ४८ व्होल्टचं बटण लागतं. ते दाबताना आणि बंद करताना हेडफोनचा आवाज खाली असू द्या, नाहीतर कानात फटाका फुटतो. हाताशी एक साधा डायनॅमिक माइकही ठेवा. शुअरचा एसएम५८ हा १९६६ सालचा नमुना आजही तसाच मिळतो. त्याला ४८ व्होल्ट लागत नाहीत, दमटपणाचं विशेष वाटत नाही, आणि खोली वाईट असेल तर तो महागड्या कंडेन्सरपेक्षा बरा, कारण लांबचं कमी ऐकतो. जादाची एक्सएलआर केबल, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर, घ्यायलाच हवी. माइक सहसा दगा देत नाही, केबल देते.

खोलीबद्दल लोक जेवढा खर्च करतात तेवढ्याची गरज नाही. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी काही शोषलं जात नाही, झुरळांची सोय तेवढी होते. पातळ फोमही फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज खातो. घुमारा जसाच्या तसा राहतो आणि गाणं नाकात बोलल्यासारखं येतं. खरा उपयोग जाड गादीचा. गाणाऱ्याच्या पाठीमागे एक गादी उभी, दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या, कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडी. आमची बेडरूम दहा बाय दहा, बरोबर चौकोनी, म्हणजे त्यातल्या त्यात वाईट. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने तो दोन्हीकडून फुगतो. म्हणून पखवाज बेडरूममध्ये बसवायचा नाही. तो हॉलमध्ये, मामा पेटी घेऊन बेडरूममध्ये, मधलं दार बंद, केबल दाराखालून. डोळ्याला डोळा भिडत नाही म्हणून पखवाजवाला कुरकुरतो, तेव्हा एका जुन्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून तो पेटीवर उभा करतो. कॉल वायफायवर, आवाज बंद. चित्र किंचित उशिरा येतं, पण सम कुठे आली हे दोघांनाही हेडफोनमध्ये ऐकू येतंच.

मामा स्वतः पेटी वाजवत गातात, त्यामुळे गळ्याच्या माइकमध्ये पेटी येणार हे धरून चालायचं. ती कमी कशी येईल एवढंच आपल्या हातात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. तो हनुवटीच्या खालून तोंडाकडे वर तिरका लावला की त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते. तोंडापासून अंतर एक वीत. त्याहून जवळ गेलं की आवाज खोटा भारदस्त होतो, मामांना ते आवडतं, ऐकू नका. पेटीचा माइक भात्यासमोर लावायचा नाही, तिथे हवेचा फुस्स येतो. पट्ट्यांच्या वरून हातभर उंचीवर, तिरका. तो गाणाऱ्याच्या तोंडापासून निदान तीन विती लांब असू द्या, म्हणजे एकच आवाज दोन माइकमध्ये येऊन पोकळ होण्याचा त्रास घटतो. पखवाजाला दोन माइक, एक शाईच्या म्हणजे काळ्या गोलाच्या बाजूला, एक धुम्याला, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडाला. टाळ त्या वेळी अजिबात नाहीत. टाळाचा खणखणाट घरातल्या प्रत्येक माइकमध्ये घुसतो आणि मग तो बाजूला काढता येत नाही. टाळ शेवटी, वेगळे, हेडफोनमध्ये सगळं ऐकत. त्यासाठी सुरुवातीला पखवाजवाल्याने आठ मात्रा नुसत्या मोजून द्यायच्या. क्लिक, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक, मी लावत नाही. गजराला लय चढायलाच हवी, ती क्लिकला बांधली की भजनाची कवायत होते. टाळकऱ्याने मात्र मूळ गाणं होताना घरातच बसलेलं असावं, म्हणजे लय कुठे चढते ते त्याच्या अंगात असतं.

वाद्यं सगळ्यांच्या आधी घरात आली पाहिजेत. सकाळी एसी लावून खोल्या गार करायच्या आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एसी-पंखा दोन्ही बंद. पण बाहेरच्या दमट हवेतून आलेला पखवाज गार, कोरड्या खोलीत लगेच लावला तर चामडं आवळत जातं आणि अर्ध्या तासात सूर चढतो. त्याला तेवढा वेळ नुसता पडू द्यावा, मग हातोडी हातात घ्यावी. धुम्याला लावायची कणीक त्याच दिवशी भिजवायची, जरा जास्तीची, ओल्या फडक्यात झाकून. एसीच्या हवेत ती सुकते, कडांना भेगा पडतात आणि धुमा कोरडा वाजू लागतो. दर दोन गाण्यांनी बोट ओलं करून बघायचं.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर लागतात, चार ट्रॅक चार तास चालले तर सव्वाआठ जीबी. डिस्कवर वीस जीबी मोकळे ठेवले की चिंता नाही. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून घेतो तो आकडा, रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. हेडफोनमधला आवाज शक्यतो थेट इंटरफेसवरून ऐकवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावल्यावर येणारी ५० हर्ट्झची गुणगुण शोधत बसण्यात आमची एक दुपार गेली आहे. पातळी लावताना पहिला चरण ऐकून लावू नका. मामांना शेवटचा गजर पूर्ण आवाजात म्हणायला लावा आणि काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्यक्षात ते त्याहून वर जातातच.

अकराच्या ठोक्याला नाही, पावणेअकराला घर ऐकायचं. भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये. फोन विमानाच्या मोडवर, त्या कॉलचे दोन फोनसुद्धा, त्यांचं वायफाय तेवढं चालू. मामांचं घड्याळ, मामींच्या बांगड्या, कडक इस्त्रीचा कुर्ता हे सगळं बाहेर. अभंगाचे कागद सुटे, मोठ्या अक्षरात, पेटीवर पातळ कापड घालून त्यावर. मग पखवाजवाल्याला धुमा सणकून मारायला सांगायचं आणि आपण स्वयंपाकघरात उभं राहायचं. गेल्या वेळी तीन गाणी झाल्यावर लक्षात आलं, प्रत्येक ‘धा’मागे एक बारीक झीं येतंय. रॅकवरचे सगळे डबे हलवून पाहिले, शेवटी सापडली ती खिळ्याला टांगलेली पिठाची चाळणी. ती आता रविवारी गादीखाली असते.

पहिल्या गाण्याआधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि रिकामं घर रेकॉर्ड करायचं. दोन टेक जोडताना मधल्या फटीत हीच शांतता भरावी लागते. सगळं झाल्यावर, केबली गुंडाळण्याआधी, फायली दोन ठिकाणी उतरवायच्या.

आणि फ्रिज. तो बंद केल्याशिवाय त्याची घरघर जात नाही, आणि बंद केला की परत चालू करायची आठवण राहत नाही. एकदा दोन किलो सुरमई गेली, आईने आठवडाभर अभंगाचं नाव काढू दिलं नाही. म्हणून प्लग काढायच्या आधी घराची किल्ली आणि पखवाजवाल्याचं पाकीट आत दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून द्यायचं.