ब्लड कल्चरमधल्या जंतूंचे व्हिरुलन्स जीन (जंतूला जहाल बनवणारे) शोधताय? या चुका टाळा

दरवर्षी डिसर्टेशनला नवीन पोरं येतात आणि दरवर्षी त्याच चुका बघतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कल्चर या प्लेटवरून त्या प्लेटवर फिरवत राहणं. जुलैमध्ये लिव्हर ॲब्सेसच्या पेशंटच्या रक्तातून क्लेबसिएला आला, कॉलनीला लूप लावून उचलला तर चांगली दोन-तीन सेंटीमीटर तार सुटली (5 मिलिमीटरच्या वर गेली की स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे जंतू जहाल असल्याचा संशय). प्रायमर (जीन शोधायच्या टेस्टला लागणारे डीएनएचे तुकडे) यायला उशीर झाला, तोवर एमएससीचा मुलगा दर चार दिवसांनी नवीन प्लेटवर स्ट्रीक मारत राहिला. शेवटी पीसीआर (तीच जीन शोधायची टेस्ट) लावला तर आरएमपीए (चिकट आवरण वाढवणारा जीन) निगेटिव्ह, आययूसीए (लोह ओढायला मदत करणारा जीन) पण निगेटिव्ह, आणि चवथीला घरी जायची घाई, म्हणून त्याने 'हायपरव्हिरुलंट (अतिजहाल) नाही' असं लिहूनसुद्धा टाकलं. मी म्हटलं थांब रे, आज परत लूप लाव. तार सुटलीच नाही! पहिल्या दिवशी गोठवलेली ग्लिसरॉलची व्हायल काढली, त्यात दोन्ही जीनचे बँड (जीन सापडल्याची जेलवरची पट्टी) लख्ख. हे जीन बहुतेक वेळा 200 केबीच्या (दोन लाख अक्षरांच्या) आसपासच्या मोठ्या प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमबाहेरचं डीएनएचं वेगळं कडं) असतात, प्लेटवर आयतं खायला मिळालं की जंतूला ते ओझंच, कधीतरी टाकून देतो. मी पहिल्या शुद्ध कॉलनीच्याच तीन व्हायल करतो, 20 टक्के ग्लिसरॉल, उणे 80, आणि एक व्हायल दुसऱ्या फ्रीझरमध्ये, कारण पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

दुसरं, बँड आला म्हणजे जंतू जहाल असं नाही. आरएमपीएमध्ये जी या डीएनएच्या अक्षराची एक रांग असते, तिथे एक जी कमी-जास्त झाला की प्रोटीन अर्धवट बनतं, बँड मात्र तसाच येतो. म्हणून जीनसोबत स्ट्रिंग टेस्ट पण लिहा.

ई. कोलायमध्ये नुसता फिमएच (पेशीला चिकटायला मदत करणारा जीन) दाखवून काय मिळवलं? तो आतड्यातल्या साध्या ई. कोलायमध्येही असतो. पॅप, एसएफए/फोक, एएफए/ड्रा, केपीएसएम टू, आययूटीए या पाच जीनपैकी दोन तरी मिळाले तर एक्सपेक (आतड्याबाहेर आजार करणारा ई. कोलाय) म्हणा.

मेकए हा स्टॅफमधला अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा जीन आहे, व्हिरुलन्सच्या टेबलात घालू नका.

एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस आला तर किट उघडण्याआधी विचारा, तो कातडीवरचा तर नाही ना.

आणि कल्चर बाटलीतलं रक्त थेट पीसीआरला टाकू नका, त्यातलं एसपीएस (रक्त गोठू नये म्हणून बाटलीत असलेलं रसायन) आणि हीम (रक्ताच्या लाल रंगातला घटक) पीसीआर दाबतं. एक दिवस वाचवायला जाता आणि खोटा निगेटिव्ह हातात येतो. कॉलनी वाढू द्या, पाण्यात उकळा, वरचं पाणी घ्या, सोबत 16एसचा (सगळ्या जिवाणूंत असणारा जीन) कंट्रोल लावा. 16एसचा बँड नसेल तर त्या लेनचा निगेटिव्ह मी वहीत लिहूच देत नाही.