अँड्रॉइड स्टुडिओ 'डी'वर टाकला, तरी 'सी' लाल का? या चुका टाळा

128 जीबी एसएसडी आणि सोबत 1 टीबी हार्ड डिस्क, असे लॅपटॉप अजून पुष्कळ विद्यार्थ्यांकडे आहेत. त्यात एसएसडी म्हणजे 'सी' आणि हार्ड डिस्क म्हणजे 'डी'; 'सी' भरत आला की विंडोज त्याची पट्टी लाल दाखवतं. विंडोज ती एसएसडी 119 जीबीचीच दाखवतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024च्या.

अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड ॲप्स बनवायचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल करताना पाथ (फोल्डरचा पत्ता) बदलून 'डी' केला की काम झालं, ही सर्रास होणारी चूक. तो पाथ फक्त स्टुडिओच्या स्वतःच्या फाइल्सचा असतो. खरं वजन वाढतं ते एसडीके (ॲप बनवायला लागणारी साधनं), एम्युलेटरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आभासी फोनच्या) डिस्क आणि ग्रेडलचा (ॲप जुळवून तयार करणाऱ्या साधनाचा) कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या फाइल्स, यांचं, आणि हे तिन्ही मुकाट्याने 'सी'वरच्या यूजर फोल्डरमध्ये जाऊन बसतात. एसडीके तर ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, त्यामुळे 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय दिसतही नाही.

स्टुडिओ पहिल्यांदा उघडतो तेव्हा 'स्टँडर्ड' की 'कस्टम' असं विचारतो. बहुतेक जण न वाचता 'नेक्स्ट' दाबतात. 'कस्टम' घ्या, एसडीकेचा पाथ तिथेच बदलता येतो. फोल्डरच्या नावात स्पेस नको आणि देवनागरी अक्षरंही नकोत. वेळ निघून गेली असेल, तर स्टुडिओ बंद करून एसडीकेचा फोल्डर 'डी'वर कॉपी करा आणि मग एसडीके मॅनेजरमध्ये 'एडिट' दाबून नवी जागा दाखवा. सगळं नीट चालतंय हे पाहिल्यावरच जुना फोल्डर उडवा.

ग्रेडलचा कॅशही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधली एक सेटिंग) लावून हलवता येतो, पण मी तो एसएसडीवरच ठेवेन. त्यात हजारो बारीक फाइल्स असतात आणि हार्ड डिस्कवर प्रत्येक बिल्ड (ॲप तयार होण्याचं काम) रखडतो. एम्युलेटरचं म्हणाल, तर जागा कमी असताना तो हवाच कशाला? फोनवर 'यूएसबी डीबगिंग' चालू करा, केबल जोडा आणि ॲप थेट फोनवरच चालवून पाहा. कित्येक जीबी वाचतात, रॅमही मोकळी राहते.

'डी' निवडूनही 'जागा अपुरी' असा एरर येतो, कारण बरेच इन्स्टॉलर आधी 'सी'वरच्या टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला उलगडतात. म्हणून सुरुवातीलाच डिस्क क्लीनअप चालवून घ्या.

जागेसाठी विंडोजच्या फोल्डरमध्ये हात घालणं मात्र महागात पडतं. विंडोजचे घटक ठेवणारा विनएसएक्सएस फोल्डर अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंकमुळे (एकच फाइल दोन ठिकाणी दिसल्यामुळे) दोनदा मोजल्या जातात, त्यामुळे तो दिसतो तेवढा मोठा नसतो. विंडोजमधला 'इन्स्टॉलर' फोल्डर रिकामा केला, तर पुढे सॉफ्टवेअर काढताना, दुरुस्त करताना किंवा अपडेट करताना अडतं. त्यापेक्षा हायबरनेशन (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याची सोय) बंद करा. त्याची फाइल साधारणपणे रॅमच्या 40 टक्क्यांएवढी असते. मात्र त्यासोबत 'फास्ट स्टार्टअप'ही जातं. प्रोग्राम फाइल्समधून एखादा फोल्डर कट करून 'डी'वर पेस्ट करणं तर नकोच, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) जुनाच पत्ता राहतो.

एकाच डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे भाग केले असतील, तर 'सी' वाढवण्यासाठी 'डी' श्रिंक (लहान) करूनही 'सी'वरचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (भाग वाढवा) करडंच, म्हणजे बंदच राहतं. मोकळी झालेली जागा 'डी'च्या उजवीकडे पडते आणि विंडोजला ती 'सी'ला लागून उजवीकडे हवी असते. 'डी'चा बॅकअप घेऊन तो भाग डिलीट केल्याशिवाय विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते जमत नाही. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) असेल, तर तेवढ्यानेही नाही.