प्रोग्रॅम चालत नाहीये? आधी शेवटची ओळ वाचा

माझा मावसभाऊ डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दर दोन दिवसांनी त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, स्क्रीनचा, तिरका, ट्यूबलाइट चमकतेय त्यात, खाली लिहिलेलं "दादा एरर येतोय", आणि गंमत म्हणजे एरर नक्की काय आहे हे ज्या ओळीत लिहिलेलं असतं नेमकी तीच ओळ फोटोत कापलेली. म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एरर आला की बऱ्याचदा लाल अक्षरांत जो लांबलचक मजकूर येतो त्याला ट्रेसबॅक म्हणतात आणि तो खालून वर वाचायचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत एररचं नाव आणि कारण असतं, त्याच्या वर कोणती ओळ चालवताना अडकलं ते. नव्वद टक्के पोरं वरून वाचायला घेतात, फाइलचा लांबडा पाथ दिसतो, घाबरतात आणि बंद करतात (नव्वद हा माझा अंदाज हां, मोजलेलं नाही कोणी).

आता भावाचंच उदाहरण घेऊ. लाइट बिलाचा प्रोग्रॅम. पहिल्या 100 युनिटला 5 रुपये आणि त्यावरच्या युनिटला 8 रुपये, सरांनी सोपं करून दिलेलं, खरे दर वेगळे असतात. त्यानं इनपुटनं युनिट घेतले आणि इफमध्ये 100 शी तुलना केली. लगेच टाइपएरर. शेवटच्या ओळीत म्हणत होतं की स्ट्रिंग (अक्षरांची माळ) आणि इंटिजरची (पूर्णांकाची) अशी तुलना करता येत नाही. कारण साधं आहे, पायथन 3 मध्ये इनपुट नेहमी स्ट्रिंगच देतं, तुम्ही 90 टाइप केलं तरी त्याच्या लेखी ती 9 आणि 0 अशी दोन अक्षरं. इलाज म्हणजे इनपुटला इंटच्या कंसात घालायचं, int(input()) असं, झालं.

पण भाऊसाहेबांनी काय केलं, 100 लाच कोट्समध्ये टाकलं! एरर गेला, खूश. मग 90 युनिट टाकले तर बिल आलं 9090909090909090 रुपये. हसू नका, पायथननं सांगितलं तेच केलंय. दोन्हीकडे स्ट्रिंग असली की अक्षरं डावीकडून एकेक करून बघितली जातात, 9 हे 1 पेक्षा मोठं म्हणून 90 हे 100 पेक्षा मोठं ठरलं, आणि स्ट्रिंगला 8 नं गुणलं की तीच स्ट्रिंग आठ वेळा चिकटवून मिळते. म्हणून एरर नाहीसा करायच्या मागे लागू नका, तो का आला ते आधी कळू द्या, नाहीतर दुखणं आत दाबलं जातं आणि दुसरीकडून बाहेर येतं.

इंट लावल्यावर 90 ला 450 आलं, बरोबर. मग बरोब्बर 100 टाकले तर नेमएरर, बिल नावाचं काही डिफाइनच नाही म्हणे. ट्रेसबॅक बोट दाखवत होता प्रिंटच्या ओळीकडे, आणि पठ्ठ्या अर्धा तास त्या प्रिंटकडेच बघत बसला. तिथं काहीच चुकलेलं नव्हतं. एका इफमध्ये 100 पेक्षा कमी, दुसऱ्यात 100 पेक्षा जास्त, मग 100 स्वतः कुठे जाणार? दोन्हीत शिरलाच नाही, बिल तयारच झालं नाही. ठेच एका ठिकाणी लागते आणि माणूस पडतो चार पावलं पुढे, एररचा ओळ नंबर पडल्याची जागा सांगतो. तिथून वर वर जात हे व्हेरिएबल (व्हॅल्यू ठेवायचं नाव, इथे बिल) कुठे तयार व्हायला हवं होतं ते शोधायचं. इथे पहिल्या इफमध्ये <= केलं की काम झालं.

आता तिसरी चूक, आणि हीच खरी त्रासदायक जात, कारण एरर काहीच येत नाही. 250 युनिटला 2000 रुपये. कागदावर करून बघा, पहिले 100 म्हणजे 500, उरलेले 150 गुणिले 8 म्हणजे 1200, एकूण 1700. सगळेच युनिट 8 नं गुणले होते त्यानं. हे सापडतं ते फक्त हातानं उत्तर काढलेलं असलं तरच. म्हणून रन करायच्या आधी चार-पाच आकडे कागदावर काढून ठेवा आणि ते काठावरचे घ्या: 0, 1, 100, 101. 101 ला 508 यायला हवं आणि येतंय 808, इतका छोटा आकडा असला की चूक डोळ्यात भरते, 250 ला तेवढी भरत नाही.

उत्तर चुकतंय पण कुठे ते कळत नसेल तर मधेमधे प्रिंट टाका. नुसती व्हॅल्यू नको, नावासकट, नाहीतर स्क्रीनवर सात आकडे येतात आणि कोणता कोणाचा कळत नाही. स्ट्रिंग असेल तर रेप्रच्या (repr) कंसात घालून प्रिंट करा, मग कोट्स दिसतात आणि 'हो' च्या मागे चुकून स्पेस आलीय तीही दिसते, नुसत्या प्रिंटमध्ये ती कधीच दिसणार नाही. प्रोग्रॅम मोठा असेल तर साधारण मध्यावर प्रिंट टाका, तिथपर्यंत आकडे बरोबर असतील तर चूक खालच्या अर्ध्यात, नाहीतर वरच्या, परत त्याचे दोन भाग करा. थॉनी (पायथन लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात डीबगर आहे, एकेक स्टेप पुढे जात व्हेरिएबल्स बदलताना दिसतात, नवीन माणसाला फार बरं पडतं.

आणि एका वेळी एकच बदल. पाच ठिकाणी बदललं आणि चाललं तर कशामुळे चाललं ते कळणार नाही.

आता सी भाषा शिकणाऱ्यांसाठी थोडं. वीस एरर आले तर फक्त पहिला दुरुस्त करून परत कंपाइल करा, बाकीचे बरेचदा त्याचीच पिलावळ असते. सेमीकोलन विसरला की एरर बहुतेक वेळा पुढच्या ओळीवर दिसतो. इफमध्ये == ऐवजी = पडलं तर कंपाइल होतं, फार तर वॉर्निंग येते, म्हणून वॉर्निंगपण वाचा. फॉरच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन पडला तर लूप रिकामाच फिरतो आणि खालचा ब्लॉक एकदाच चालतो. स्कॅनएफमध्ये & राहिला तर प्रोग्रॅम क्रॅश होऊ शकतो. अजूनही कॉलेजात टर्बो सी (सीचा जुना कंपायलर) असेल तर 8 चं फॅक्टोरियल 40320 ऐवजी -25216 येईल, तुमचं लॉजिक बरोबर आहे, तिथला इंट 32767 च्या वर जातच नाही, लाँग घ्या.

पीडीएफ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कोड कॉपी केला असेल तर कोट्स पुसून हातानं परत टाइप करा, ते वाकडे कोट्स पायथनला चालत नाहीत.

एवढं करूनही नाही सापडलं तर विचारा की, लाजायचं काय त्यात, पण कोड आणि एरर पूर्ण टेक्स्टमध्ये पाठवा, काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं हे तीन वाक्यांत लिहा. फोटोच पाठवायचा असेल तर निदान शेवटची ओळ येऊ द्या त्यात.