हायड्रोजनेशन पुढे सरकत नाही? या चुका टाळा

रात्रभर हायड्रोजनेशन (उत्प्रेरकाच्या मदतीने पदार्थाला हायड्रोजन जोडणं) चालवलं आणि सकाळी टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करून पाहण्याच्या चाचणीत) मूळ पदार्थाचाच ठिपका दिसला, की बरेच जण पॅलेडियम-कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या पुडीवर बसवलेल्या पॅलेडियम उत्प्रेरकाचं, प्रमाण दुप्पट करतात. ही सवय महागात पडते. आधी ढवळणं तपासा.

हायड्रोजन द्रावकात फारच कमी विरघळतो. साध्या दाबाला मेथॅनॉलमध्ये लिटरमागे जेमतेम 4 मिलिमोल. म्हणजे 10 मिलिलिटर द्रावणात 1 मिलिमोल अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला पदार्थ) असेल, तर एका वेळी विरघळलेला वायू लागणाऱ्या वायूच्या 4 टक्केच असतो. बाकीचा सतत आत ओढला जायला हवा. चुंबकी कांडी नुसती फिरत असेल आणि काळी पूड तळाशी बसलेली असेल, तर उत्प्रेरक कितीही घाला, उपयोग नाही. ढवळण्याचा वेग वाढवून पाहा. अभिक्रियेचा वेगही वाढला, तर अडचण वायू पोहोचण्यात आहे. अशा स्थितीत मोजलेल्या टीओएफला (उत्प्रेरकाचं एक केंद्र ठरावीक वेळात किती रेणू बदलतं त्या आकड्याला) काही अर्थ राहत नाही.

दुसरा संशयित गंधक, आणि तो सहज नजरेतून सुटतो. 5 टक्क्यांच्या 100 मिलिग्रॅम पॅलेडियम-कार्बनमध्ये धातू असतो सुमारे 0.047 मिलिमोल. कण 2 नॅनोमीटरचे धरले, तर त्यातले साधारण निम्मे अणू पृष्ठभागावर. 10 मिलिमोल पदार्थात 0.2 टक्के थायॉल (गंधक असलेलं संयुग) राहिलं असेल, तर जवळपास सगळा पृष्ठभाग झाकायला तेवढं पुरतं. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चुंबकीय चाचणीत) एवढी अशुद्धी पटकन दिसतही नाही. पदार्थ रेनी निकेलसोबत (गंधक धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र निकेलसोबत) ढवळून गाळा, मग ताजा उत्प्रेरक घ्या. (हीच विषबाधा मुद्दाम केली की कामाची ठरते: लिंडलार उत्प्रेरकात शिसं आणि क्विनोलिन असतं, म्हणून अल्काइन (तिहेरी बंध असलेला पदार्थ) अल्कीनपाशी थांबतं.)

नॅनोकण स्वतः बनवत असाल तर पीव्हीपी (कण एकमेकांपासून वेगळे ठेवणारा बहुवारिक) हात राखून वापरा. जास्त झालं तर पृष्ठभाग झाकला जातो, फार धुतलं तर कण एकमेकांना चिकटतात. टीईएमचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) चित्र सुरेख आलं म्हणून उत्प्रेरक चांगला ठरत नाही.

पुनर्वापराच्या चाचणीत होणारी चूक मला सर्वात जास्त खटकते. प्रत्येक फेरी पूर्ण रूपांतरण होईपर्यंत चालवायची आणि पाचही वेळा 100 टक्के आले म्हणून उत्प्रेरक टिकाऊ ठरवायचा. निम्मे कण निकामी झाले तरी पुरेसा वेळ दिल्यावर 100 टक्के येणारच! रूपांतरण 20-30 टक्क्यांवर असताना वेगांची तुलना करा. धातू द्रावणात उतरतोय का हे पाहायचं तर निष्क्रिय वायूखाली, गरम असतानाच गाळा, कारण थंड होताना तो पुन्हा आधारावर (कार्बनवर) बसू शकतो. गाळलेल्या द्रावणाला परत हायड्रोजन द्या आणि अभिक्रिया पुढे जाते का बघा.

विकतचा उत्प्रेरक अनेकदा निम्मा पाण्यानेच ओला असतो. वजन करताना ते पाणी वजा करा, पण उत्प्रेरक वाळवू नका. कोरड्या पॅलेडियम-कार्बनवर हवेत मेथॅनॉल ओतलं की वाफ पेट घेऊ शकते. फ्लास्क आधी नायट्रोजनने भरा, उत्प्रेरक पाण्याने भिजवा, द्रावक त्यानंतर. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्क्यांपर्यंत पेटतो, त्यामुळे गाळण्याआधी तो नायट्रोजनने पूर्ण घालवा. सेलाइटवरचा (गाळण्याच्या पुडीवर साचलेला) उत्प्रेरकाचा थर एकदाही कोरडा पडू देऊ नका. वापरलेला उत्प्रेरक पाण्याखाली, लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत ठेवा.