परिपाठाचा दिनविशेष लिहिताय? या चुका टाळा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत परिपाठाच्या वेळी एखादे मूल ठणठणीत आवाजात वाचते, "आज थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांची जयंती." रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ ही त्यांच्या शोधाची, रामन परिणामाची तारीख, आणि राष्ट्रीय विज्ञान दिन आपण त्या शोधासाठी पाळतो. जन्म कुणाचाही होतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत काय दिसले, हे मुलांना सांगायचे होते आणि नेमके तेच राहून गेले.

मी बरीच वर्षे शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहीत आलो आहे. बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात. आपल्याला दोन ठिकाणी दोन तारखा दिसतात, गोंधळ उडतो आणि आपण त्यातली एक खोडून टाकतो. तसे करू नका. आधी दोन तारखांतला फरक मोजा. तो किती आहे यावरूनच बहुतेक वेळा कारण कळते.

फरक दहा ते तेरा दिवसांचा असेल तर

रामन यांचाच ७ नोव्हेंबर घ्या. १८६७ साली याच तारखेला वॉर्सात मेरी क्युरी जन्मल्या. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घातले गेले, म्हणून राज्यात हा विद्यार्थी दिवस. आणि १९१७ साली याच तारखेला रशियात बोल्शेविकांची क्रांती झाली. मग तिला ऑक्टोबर क्रांती का म्हणतात, हे मूल विचारणारच. त्या दिवशी पेट्रोग्राडमध्ये २५ ऑक्टोबर होता. रशिया तेव्हाही जुनी, ज्युलियन दिनदर्शिका वापरत होता आणि ती नव्या ग्रेगोरियनच्या १३ दिवस मागे होती.

हा घोळ लांबचा वाटतो, पण तो आपल्या रायगडावरही आहे. कॅथलिक देशांनी १५८२ पासून नवी दिनदर्शिका घेतली आणि पोर्तुगालही त्यात होता. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली. तिथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला गेला. म्हणजे शिवकाळात मुंबई-सुरतेचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवशी दहा दिवसांच्या फरकाने तारीख घालत होते. हा फरक पुढे वाढत तेरा दिवसांपर्यंत गेला. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती जुन्या मोजणीची तारीख. त्याच दिवशी गोव्यातून पत्र निघाले असते तर त्यावर १६ जून पडली असती.

शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुन्या मोजणीचीच. नव्या मोजणीने तो १ मार्च होतो. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळच्या तारखा जुन्या पद्धतीने देण्याचा रिवाज आहे, तोच फळ्यावरही पाळावा. स्वतःहून दहा दिवस मिळवायला जाऊ नका. एक तारीख बदललेली आणि शेजारची न बदललेली, असे झाले की तो फळा कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

फरक वर्षाचा किंवा महिन्याचा असेल तर

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण पाठ केलेले असते. ते गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच खरे. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. ७८ मिळवलेत तर १६२९ येते आणि वर्ष चुकते. मात्र कुठे १६२७ दिसले तर तो हिशेबाचा प्रश्न नाही. ती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही वेगळीच तिथी आहे आणि तिच्यावरून अभ्यासकांत खूप वाद झाले. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची जुनी नोंद, उजेडात आल्यावर फाल्गुनाच्या तिथीला बळ मिळाले.

महिन्याचा फरक उत्तर भारतातले संदर्भ वाचताना येतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यात, त्यांची भाद्रपदात, दिवस तोच.

एका दिवसाचा फरक

१ ऑगस्ट १९२० ही तारीख मला फार मोलाची वाटते. त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. तारीख तर एक आहेच, वर्षही एक. गांधीजींचे असहकार आंदोलनही त्याच दिवशी सुरू झाले. टिळकांचे निधन मध्यरात्र उलटल्यावर झाले, त्यामुळे कुणी "३१ जुलैच्या रात्री" म्हटले तर तेही बोलण्याच्या ओघात चूक नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मध्यरात्री.

चंद्रावरच्या पहिल्या पावलाचेही तसेच. अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, आपल्याकडे २१ जुलैची सकाळ, साडेआठच्या सुमाराची. फळ्यावर २० जुलै लिहायला हरकत नाही, फक्त "अमेरिकेतील वेळेनुसार" हे शब्द जोडा.

आजची तारीख मागे नेऊ नका

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ही तारीख नव्या दिनदर्शिकेची आहे, तिथे गोंधळ नाही. पण १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, असे धरून "ऐन संक्रांतीला पानिपत झाले" असे लिहिले जाते. संक्रांत हळूहळू पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे आधी ती १४ तारखेला असणे शक्य नाही. पानिपतावर सैन्य उभे राहिले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी असतो. दरवर्षी फलकांवर यांची अदलाबदल होते.

आणि १४ फेब्रुवारीला फिरणारा "आज भगतसिंगांना फाशी झाली" हा संदेश कृपा करून पुढे पाठवू नका. फाशी २३ मार्च १९३१ ला लाहोरला झाली, शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० ला सुनावली गेली. व्हॅलेंटाइन डेला विरोध करायचा म्हणून हुतात्म्याची तारीख बदलणे मला सहन होत नाही.

१ जूनचे वाढदिवस

गावातल्या माणसांचे वाढदिवस फळ्यावर लिहीत असाल तर १ जूनला यादी एकदम लांबते. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लावून टाकत. दाखल्यावर ती तारीख राहू द्या, पण घरी जाऊन म्हातारीला एकदा विचारा. "बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या रात्री" असे काहीतरी ती सांगते. त्या सालचे पंचांग मिळाले की पोळ्याची तारीख सापडते. बाळ मध्यरात्रीच्या आधी झाले की नंतर, एवढे तिलाच विचारून घ्या.