मूडल: इमोजी टाकला की उत्तर सेव्ह होत नाही

जळगावच्या आमच्या कॉलेजचं मूडल (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांची प्रणाली), मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. पोरं अहिराणीत पानभर लिहीत, सेव्ह होई. शेवटी हात जोडलेला इमोजी आला, की डेटाबेसमध्ये लिहिताना एरर!

सर्व्हर रिस्टार्ट केला, पॅकेटची (डेटाबेसला एकावेळी पाठवता येणाऱ्या डेटाची) मर्यादा वाढवली, फरक शून्य. डेटाबेसचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) बदलला, पण त्याने जुनी टेबलं बदलत नाहीत. डोकं पिकलं.

कारण असं: मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ कॅरेक्टर सेट एका अक्षराला ३ बाइटच देतो. देवनागरी तेवढ्यात बसते, बहुतेक इमोजींना ४ लागतात. म्हणून मराठी चालते आणि संशय भलतीकडे जातो.

आधी मेंटेनन्स मोड, मग पूर्ण डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप प्रत (हा टाळू नकाच). टेबलांचं रो फॉरमॅट (ओळी साठवायची रचना) डायनॅमिक केलं; जुन्या कॉम्पॅक्टमध्ये इंडेक्स (शोधाची सूची) ७६७ बाइटला अडतो. नंतर मूडलच्याच अ‍ॅडमिन-सीएलआय फोल्डरातली कोलेशन (अक्षरं जुळवायचे-लावायचे नियम) बदलणारी स्क्रिप्ट ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ देऊन चालवली; यातला ‘यूटीएफ८एमबी४’ म्हणजे ४ बाइटवाला कॅरेक्टर सेट. ती प्रत्येक टेबल आणि कॉलम बदलते, मोठ्या साइटवर वेळ खाते. मध्ये तोडू नका. ती संपल्यावर कॉन्फिग फाइलच्या डीबी-ऑप्शन्समध्ये तेच कोलेशन लिहिलं, कॅशे साफ केला, मेंटेनन्स काढला. इमोजीसकट उत्तर सेव्ह झालं.